यूजेन आत्जे : रिकाम्या रस्त्यांमागची काच, ऊन आणि हिशोब

काचपेटी

जुन्या पॅरिसचा फोटोग्राफर यूजेन आत्जे याचे फोटो कुठेही टाकले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "किती गूढ! रस्ते किती रिकामे!" मग कुणीतरी जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनने १९३१ साली या रस्त्यांची गुन्ह्याच्या जागेशी केलेली तुलना आणतं आणि बोलणं तिथेच थांबतं. माझं म्हणणं असं, की त्या गूढपणातला बराच भाग कॅमेरा, काच आणि पोटापाण्याचा धंदा यांतून आलेला आहे. तो हिशोब एकदा समजला की हे फोटो जास्तच आवडायला लागतात. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

आधी थोडक्यात माणूस. जन्म १२ फेब्रुवारी १८५७, लिबूर्न गावी. आईवडील लहानपणीच गेले, आजीआजोबांनी बोर्दोला वाढवलं. काही काळ जहाजावर खलाशी, १८७८ मध्ये पॅरिस, १८७९ मध्ये नाट्यशाळेत प्रवेश. पण त्याच काळात सक्तीची लष्करी नोकरी होती, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलं. मग फिरत्या नाटक कंपन्यांत बारीकसारीक भूमिका. १८८७ च्या सुमारास घशाच्या आजाराने नाटक सुटलं. थोडी चित्रकला करून पाहिली आणि १८९० च्या आसपास तो फोटोग्राफीकडे वळला, तेही चित्रकारांना कच्चा माल पुरवण्यासाठी. झाडं, फुलं, जनावरं, दगडी जिने असं काहीही. १८९७-९८ पासून जुनं पॅरिस हा त्याचा मुख्य विषय झाला. त्याच सुमारास शहरात जुन्या वास्तूंची नोंद ठेवणारी समिती स्थापन झाली होती आणि अशा फोटोंना गिऱ्हाईक तयार होत होतं. पुढची जवळजवळ तीस वर्षं, ४ ऑगस्ट १९२७ ला मरेपर्यंत, त्याने हेच काम केलं.

आता यंत्र. लाकडी, भात्याचा कॅमेरा, फिल्मच्या जागी काचेची प्लेट, १८ × २४ सेंमी. काच दीड मिलिमीटर जाडीची धरा. एका प्लेटचं वजन साधारण १६० ग्रॅम, डझनभर प्लेटा म्हणजे दोन किलोला टेकलं. त्यावर प्लेटा ठेवायच्या लाकडी कॅसेटी, कॅमेरा, ट्रायपॉड. पंधरा किलोच्या पुढे सहज जातं. हे ओझं घेऊन माणूस दिवसाला मोजकेच फोटो काढणार आणि प्रत्येक फोटो विचार करूनच काढणार.

प्लेटचा वेग फार कमी होता, म्हणजे उजेड टिपायला तिला वेळ लागायचा. आजच्या मोजमापात आयएसओ ५ धरून हिशोब करू. लख्ख उन्हात एफ/१६ ला १/५ सेकंद लागेल (एफ म्हणजे भिंगाच्या तोंडाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तोंड लहान). गल्लीत जवळच्या दगडापासून टोकाच्या कमानीपर्यंत सगळं धारदार हवं, म्हणून एफ/३२ पर्यंत बंद केलं की पाऊण सेकंदाच्या वर गेलात. आभाळ भरून आलेलं असेल तर सहा सेकंद. अरुंद, सावलीच्या बोळात वीस-पंचवीस सेकंद आणि एवढ्या लांब एक्सपोजरला, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याच्या वेळेला, प्लेट आळसावते, म्हणून वर आणखी थोडं. इतक्या वेळेला शटर लागतच नाही. भिंगाचं झाकण काढायचं, मोजायचं, परत लावायचं.

सहा सेकंदांत चालणारा माणूस सात-आठ मीटर पुढे जातो आणि काचेवर काहीच सोडत नाही. मध्ये तीन सेकंद थबकला तर अर्धपारदर्शक उमटतो, त्याच्या आरपार भिंत दिसते. रस्ता रिकामा दिसण्याचं अर्धं कारण हे.

पागोळी

लेख चांगला उतरलाय. पण रिकाम्या रस्त्यांचं श्रेय एक्सपोजरला जरा जास्त दिलंत असं वाटतं. दुपारच्या गजबजलेल्या रस्त्यावर सहा सेकंद दिले तर रस्ता रिकामा दिसत नाही, खालच्या बाजूला धुरकट पट्टा दिसतो. घोडागाड्या उभ्या असतात, फेरीवाले जागा सोडत नाहीत, पोरं कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहतात. आत्जेच्या बऱ्याच फोटोंत तो धूरही नाही, कारण तिथे माणसंच नव्हती. तो पहाटे जायचा.

याला पुरावा त्याच्याच हातचा आहे. १९२५ च्या मार्च ते जूनमध्ये त्याने पॅरिसच्या दक्षिणेला सो इथल्या ओसाड पडलेल्या बागेत साठहून जास्त फोटो घेतले. त्यातल्या कित्येकांच्या नोंदीत महिन्याबरोबर वेळही लिहिली आहे, सकाळचे सात, सकाळचे आठ. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. ओझं घेऊन शहराबाहेर सातला पोचायचं म्हणजे घरातून केव्हा निघायचं, बघा.

पहाटेचा दुसरा फायदा वारा. पानं स्थिर असतात. त्याच्या झाडांच्या बऱ्याच फोटोंत फांदीचं टोकसुद्धा हललेलं नसतं, ते दुपारी शक्य झालं नसतं.

काचपेटी

@पागोळी, मान्य. दोन्ही मिळून आहे. वेळ पहाटेची आणि उरलेसुरले लोक एक्सपोजरमध्ये विरघळलेले. धुरकट पट्ट्याचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता.

उंबरठा

उलट उदाहरण १८९८ ते १९०० मधल्या फेरीवाल्यांच्या फोटोंचं. तिथे माणूस हाच विषय आहे, म्हणून त्याने पद्धतच बदलली. भिंग बरंच उघडं ठेवून वेळ कमी केला आणि मागचा रस्ता पुसट होऊ दिला. एरवी मागचा दगड न दगड दाखवणारा हाच माणूस इथे पार्श्वभूमी सोडून देतो. या मालिकेतले ८० फोटो पुढे पोस्टकार्डांवर छापले गेले.

त्यातला दांडा फिरवून वाजवायची बाजाची पेटी वाजवणारा दाढीवाला म्हातारा आणि शेजारी गाणारी ठेंगणी बाई, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पुन्हा बघा. म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतोय, गंभीर, हात पेटीच्या दांड्यावर. बाईचा चेहरा वर, हात किंचित पसरलेला, तोंडावर पूर्ण उजळलेलं हसू. इतक्या सावकाश प्लेटवर हसू धरायचं तर ते तसंच धरून ठेवायला सांगावं लागतं. नाटकात काम केलेल्या माणसाला हे सांगता येत असणार.

शाईचा_डाग

फोटोंच्या वरच्या कोपऱ्यांत दिसणाऱ्या काळ्या कमानींबद्दल कुणीच बोललं नाही. नवखे लोक तिला जुन्या भिंगाची खोड म्हणतात, पण ती जाणूनबुजून सोसलेली किंमत आहे.

उंच इमारत घ्यायची आहे. कॅमेरा वर कलवला तर उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, घर मागे पडल्यासारखं दिसतं. वास्तूची नोंद म्हणून असा फोटो कुणी विकत घेणार नाही. म्हणून कॅमेरा सपाट ठेवायचा आणि भिंगाची पाटी तेवढी वर सरकवायची. वरचे मजले चौकटीत येतात, रेषा सरळ राहतात. पण भिंग जो प्रकाशाचा गोल पाडतं त्याला मर्यादा आहे. पाटी फार वर गेली की गोलाची कड प्लेटच्या कोपऱ्यांतून जाते, कोपऱ्यांना प्रकाश मिळत नाही. निगेटिव्हवर तो भाग कोरा राहतो आणि प्रिंटवर काळा येतो.

ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या ज्या दुधी काचेवर चित्र बघून जुळवतात तिच्यावर, चित्र उलटं दिसतं हेही लक्षात घ्या. इमारतीचा शेंडा खाली असतो, म्हणजे कापले जाणारे कोपरे काचेच्या खालच्या कडेला, काळ्या कापडाखाली आधीच अंधारलेल्या जागी. भिंग एफ/३२ ला बंद केलं की तिथे जवळपास काहीच दिसत नाही. तरी एवढी वर्षं हे काम करणाऱ्याला ते ठाऊक होतंच. इमारत पूर्ण आली पाहिजे, कोपरे गेले तर गेले, असा तो निर्णय होता. हवं तर प्रिंट कापून कमान काढता आली असती, त्याने अनेकदा काढली नाही.

दुसरी खूण म्हणजे गल्लीच्या टोकाला पसरलेला पांढरा उजेड. प्लेटच्या मागे काळा लेप नसेल तर प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परत फिरतो आणि फोटोच्या थराला मागून पुन्हा लागतो. उजळ आकाशासमोरच्या फांद्या त्यामुळे कडेने विरतात. आकाश कोरं दिसण्याचं कारण वेगळं. त्या काळच्या साध्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, निळं आकाश आणि पांढरे ढग त्यांना सारखेच.

नदीकाठ

धंद्याबद्दल थोडं. दारावर पाटी होती ती 'कलाकारांसाठी दस्तऐवज' अशा अर्थाची. गिऱ्हाइकं म्हणजे चित्रकार, नेपथ्यकार, लोखंडकाम आणि फर्निचर करणारे कारागीर, वास्तुरचनाकार, आणि मोठी खरेदी संग्रहालयं-ग्रंथालयांची. पॅरिस शहराचं कार्नावाले संग्रहालय, फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. एखाद्याला दाराची मूठ हवी असेल तर त्याला मुठींचा गठ्ठा दाखवता आला पाहिजे, म्हणून विषयवार मालिका आणि क्रमांक.

आत्जेवर काम करणारे इथेच हमखास फसतात. निगेटिव्हवरचा क्रमांक सरळ कालक्रमाचा नाही. प्रत्येक मालिकेचा क्रम वेगळा, त्यामुळे एकच आकडा दोन वेगळ्या मालिकांत सापडतो. आधी मालिका ओळखायची, मग आकडा वाचायचा. हा गुंता सोडवण्याचं मोठं काम मारिया मॉरिस हॅम्बर्ग यांनी केलं आणि त्यानंतरच त्याच्या फोटोंच्या तारखा भरवशाने सांगता येऊ लागल्या.

१९१० च्या आगेमागे त्याने राष्ट्रीय ग्रंथालयासाठी विषयवार अल्बम केले. पॅरिसमधली घरं आतून, गाड्या, धंदे आणि दुकानं, पाट्या, तटबंदी, तटाबाहेरच्या पट्टीत राहणारे चिंध्या गोळा करणारे लोक. घरांच्या अल्बममध्ये वेगवेगळ्या व्यवसायांच्या माणसांची घरं आहेत. त्यात नाट्यकलावंताचं म्हणून जे घर दाखवलंय ते त्याचं स्वतःचंच. मथळ्यात रस्त्याचं नावही दुसरंच लिहिलं आहे. म्हणून त्याचा मथळा शब्दशः पुरावा धरताना जपून.

१२ नोव्हेंबर १९२० ला त्याने ललितकला खात्याचे संचालक पॉल लेऑं यांना पत्र लिहिलं, आपल्याकडे जुनं पॅरिस सगळं आहे, वय झालं, मागे वारस नाही, संग्रहाचं काय होणार याची काळजी आहे अशा आशयाचं. सरकारने २,६२१ निगेटिव्ह १०,००० फ्रँकना घेतल्या. @काचपेटी यांच्या १६० ग्रॅमच्या हिशोबाने ही काच चारशे किलोंच्या वर भरते. तो राहायचा १७ बिस, रू काँपान्य-प्रमियेर इथे, पाचव्या मजल्यावर.

या पैशांमुळे शेवटच्या सात वर्षांत त्याला गिऱ्हाइकाच्या मागणीशिवाय हवं ते काढता आलं. सो इथली बाग, झाडांची मुळं, दुकानांच्या काचा, यातलं बरंचसं त्यानंतरचं. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम हेच.

अंधारखोली

प्रिंटबद्दल लिहितो, कारण आत्जेचा रंग तिथे ठरतो. त्याने एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, वापरला नाही. निगेटिव्ह आणि कागद छातीला छाती लावून चौकटीत, चौकट उन्हात. म्हणून प्रिंटही निगेटिव्हच्याच मापाची. कागद बहुतेक अल्ब्युमिनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा, आणि बाजारातून तयार आणलेला. पुढे तो कागद मिळेनासा झाला तसा मॅट अल्ब्युमिन आणि जिलेटिनचे उन्हात उमटणारे कागदही त्याने वापरले.

आज करायचं असेल तर कागद स्वतःच करावा लागतो. पंधरा-सोळा अंड्यांचा पांढरा भाग, ५०० मिली भरला पाहिजे. पिवळ्याचा थेंबही नको, नाहीतर डाग. त्यात १५ ग्रॅम अमोनियम क्लोराईड, १५ मिली डिस्टिल्ड पाणी, २८ टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड २ मिली. घट्ट फेस येईपर्यंत घुसळा, चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवा, खाली बसलेलं पातळ द्रव मलमलीतून गाळा आणि आठवडाभर मुरू द्या.

पातळ, चांगल्या सुती कागदाची एकच बाजू या द्रवावर तीन मिनिटं तरंगवायची. टाकताना मधला भाग आधी टेकवून कडा हळूहळू सोडायच्या, नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तिथे गोल कोरा डाग राहतो. वाळवा. चकाकी हवी तर दुसरा थर लागतो, पण त्याआधी पहिला थर पक्का करा, नाहीतर तो विरघळून रेघोट्या पडतात. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ५०० मिलीत १५ ग्रॅम अमोनियम क्लोराईड, त्यात पंधरा-वीस सेकंद. दुसऱ्या वेळी कागद उलट्या टोकाने टांगा, म्हणजे जाडी दोन्हीकडे सारखी होते.

मंद पिवळ्या दिव्यात १२ ते १५ टक्के सिल्व्हर नायट्रेटवर तीन मिनिटं तरंगवा आणि अंधारात वाळवा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. सिल्व्हर नायट्रेट कातडीला काळं करतं, आणि डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. चार-सहा कागदांनंतर द्रव तपकिरी होतं. त्यात केओलिनची (पांढऱ्या मातीची) पूड घालून हलवा, बसू द्या, वरचं नितळ गाळून घ्या. चांदी कमी होत जाते, ती भरत राहा, नाहीतर काळा रंग भुरका येतो.

चौकटीची पाठ बिजागरीची असते, तिचा उपयोग इथे. अर्धी पाठ उघडून कागद किती काळवंडला ते बघायचं, दुसरी अर्धी निगेटिव्हला धरून ठेवते, जागा हलत नाही. प्रिंट हवी त्याहून बरीच गडद होऊ द्या, पुढच्या धुण्यात ती फिकी पडते. नवशिक्यांची प्रिंट हमखास इथे फसते. चौकटीत छान दिसली म्हणून काढतात आणि शेवटी हाती फिकट पिवळा कागद राहतो.

नंतर पाण्यात, दुधट पाणी येणं थांबेपर्यंत. मग सोन्याचं टोनिंग, म्हणजे सोन्याच्या द्रवात प्रिंटचा रंग बदलणं, ४०० मिली कोमट पाण्यात ३ ग्रॅम बोरॅक्स आणि १ टक्का गोल्ड क्लोराईड ६ मिली. विटकरी रंग हळूहळू जांभळट तपकिरीकडे वळतो, मनासारखा झाला की बाहेर. मग १५ टक्के हायपोच्या (चित्र पक्कं करणाऱ्या द्रवाच्या) दोन ताटल्या, प्रत्येकीत चार मिनिटं. लिटरला २ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घातलं तर आम्लाने प्रिंट खाल्ली जात नाही. शेवटी अर्धा तास तरी वाहत्या पाण्यात. हायपो अर्धवट राहिला की काही वर्षांत उजळ भाग पिवळे पडतात. जुन्या प्रिंटांचं पिवळेपण काही ठिकाणी असं आहे, काही ठिकाणी अंड्याचा थरच पिवळा झालेला आहे.

या कागदाला निगेटिव्ह दाट लागते. कागद काळवंडत जातो तसा काळा भाग स्वतःवरच पडदा धरतो आणि पुढे सावकाश काळा होतो, म्हणून गडद भागातली नक्षी शाबूत राहते. आत्जेच्या निगेटिव्ह या कागदाच्या मापाने केलेल्या आहेत. त्याच काचेवरून डेव्हलप होणाऱ्या आधुनिक कागदावर प्रिंट काढली की चित्र कठोर होतं, सावल्या काळ्या ठोकळ्यासारख्या. त्याचा संग्रह सांभाळणाऱ्या अमेरिकन फोटोग्राफर बेरेनिस अ‍ॅबटने पुढे काढलेल्या प्रिंटा आणि आत्जेच्या हातच्या प्रिंटा शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.

पागोळी

@अंधारखोली, हे साठवून ठेवलं. एक शंका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हा कागद वाळतो का?

अंधारखोली

@पागोळी, वाळतो, पण सावकाश, आणि चांदी लावलेला कागद ओलसर हवेत एका दिवसात पिवळा पडायला लागतो. त्याच दिवशी वापरा. सर्वांत मोठा धोका निगेटिव्हला. कागद दमट असेल तर चांदी निगेटिव्हच्या थराला चिकटते आणि कायमचे तपकिरी डाग पडतात. दोघांमध्ये अगदी पातळ पारदर्शक फिल्म घाला, धार किंचित कमी होते पण निगेटिव्ह वाचते. खरं तर हे काम थंडीच्या दिवसांतलं.

उंबरठा

पॅरिसमध्ये राहणारा अमेरिकन कलावंत मॅन रे याने आत्जेला शोधून काढलं आणि त्याला रोलायफ्लेक्स हा छोटा कॅमेरा देऊ केला, ही गोष्ट सगळीकडे फिरते. रोलायफ्लेक्स बाजारात आला १९२९ मध्ये, आत्जे गेला १९२७ मध्ये. छोटा कॅमेरा देऊ केला असेलही, पण तो रोलायफ्लेक्स नव्हे. आणि तोवर संग्रहालयं त्याच्याकडून पंचवीस वर्षं खरेदी करत होती, तेव्हा 'शोधलं' हा शब्दही बसत नाही. खरी गोष्ट एवढीच, की दोघे एकाच रस्त्यावर राहत होते, मॅन रेने त्याचे फोटो विकत घेतले आणि १९२६ मध्ये काही फोटो सर्रियलिस्टांच्या, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या कलावंतांच्या, नियतकालिकात छापून आले. जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर १९१२ च्या सूर्यग्रहणाला बास्तीयच्या चौकात आभाळाकडे बघत उभी असलेली गर्दी आहे. नाव छापू नका, हे फक्त दस्तऐवज आहेत, असं त्याने सांगितल्याची आठवण मॅन रेनेच नोंदवली आहे.

संग्रह वाचवला तो अ‍ॅबटने. ती मॅन रेची अंधारखोलीतली सहायक. १९२७ मध्ये तिने आत्जेचे पोर्ट्रेट घेतले, प्रिंट दाखवायला गेली तेव्हा तो गेलेला होता. त्याचा जुना नाटकवाला मित्र आंद्रे कालमेत याच्याकडून १९२८ मध्ये तिने उरलेल्या निगेटिव्ह आणि हजारो प्रिंटा घेतल्या, अमेरिकेत नेल्या, चाळीस वर्षं सांभाळल्या. १९६८ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला.

नदीकाठ

बघायचे कुठे असं विचारणाऱ्यांसाठी : पॅरिसच्या नगर संग्रहालयांनी जानेवारी २०२० मध्ये लाखावर चित्रं मोठ्या आकारात मोफत खुली केली, त्यात कार्नावालेचे आत्जे आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाचे अल्बमही त्यांच्या डिजिटल दालनात पानोपान बघता येतात. छोट्या आकारात बघून उपयोग नाही, पूर्ण आकारात उतरवून कोपरे तपासा.

सुरुवातीला दोन फोटो घ्या. पहिला १९०८ मधलं 'ओ तांबूर' हे के द ला तूर्नेलवरचं दारूचं दुकान. दाराच्या काचेआड दोन माणसांचे चेहरे आहेत आणि त्याच काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब. चेहरे काचेपलीकडचे, कॅमेरा अलीकडचा, दोन्ही एकाच प्रतलावर आलेत. दुसरा १९२५ चा गोबलँ रस्त्यावरचा कपड्यांच्या दुकानाचा. पुतळे सुटात उभे आहेत, एकेकावर किमतीची चिठ्ठी, आणि काचेत समोरची इमारत आणि झाडं उतरलीत.

शाईचा_डाग

@नदीकाठ, त्यात एक भर. मोठ्या आकारात बघताना प्रिंटच्या कडाही बघा. खालच्या बाजूला आकडा सापडेल. तो निगेटिव्हच्या थरात टोकदार सुईने कोरलेला असेल तर प्रिंटवर काळा येतो, शाईने लिहिलेला असेल तर पांढरा. आरशातल्यासारखा उलटा दिसला तर चित्र उलटं छापलंय असं लगेच धरू नका. थराच्या बाजूने सरळ लिहिलेला आकडा कॉन्टॅक्ट प्रिंटवर (निगेटिव्ह कागदाला चिकटवून काढलेल्या प्रिंटवर) उलटाच उमटतो. चित्र सरळ आहे की नाही ते दुकानाच्या पाटीवरून किंवा रस्त्याच्या नावावरून ठरवा. आणि प्रिंटची मागची बाजू उपलब्ध असेल तर ती जरूर उघडा, पेन्सिलीने लिहिलेला पत्ता आणि क्रमांक त्याच्याच अक्षरात असतो.